आधी चालून बघा, मग चाकं लावा

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. गेल्या महिन्यात फोर-बाय-फोर थार घेतली. मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरच्या सायकलचं वेड आहे. बायको कॉलेजात असल्यापासून ट्रेकला जाते. तिघांनी मिळून ठाणे-नवी मुंबईच्या आसपासचे डोंगर फिरायचे तर कुठून आणि कशी सुरुवात करावी? गाडी कुठपर्यंत नेता येते? आणि पावसाळा तोंडावर आलाय, तर लगेच निघालो तर चालेल का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हा पावसाळा थांबा. डोंगर तेव्हा सर्वांत देखणा असतो हे मान्य. पण कातळावर शेवाळ धरलेलं असतं, पायवाटेचा ओढा झालेला असतो, धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, आणि ज्या लाल मातीवरून जानेवारीत गाडी आरामात चढते तीच माती जुलैत टायरच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. शिकायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गवत वाळून बसलेलं असतं, वाटा उघड्या पडलेल्या असतात, आणि वाट चुकली तरी दुरुस्त करायला दिवस हाताशी असतो. तोवर वहिनींनी आपल्या जुन्या ग्रुपबरोबर ओळखीच्या वाटा कराव्यात, चिरंजीवांनी डांबरी चढ मारून पाय तयार करावेत आणि तुम्ही गाडीचं मॅन्युअल वाचावं. हे गमतीत म्हणत नाही. फोर-बाय-फोर घेऊन वर्ष झालं तरी फोर लोचा, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरचा, लिव्हर एकदाही न हलवलेले मालक मला नेहमी भेटतात.

आता गाडीचं. जाहिरातीत ती धबधब्यापाशी किंवा कड्याच्या टोकावर उभी दिसते. आपल्या भागात अशा जवळजवळ प्रत्येक जागेवर एकतर वनखात्याचा अंमल आहे, नाहीतर कुणाच्या तरी भाताची खाचरं. येऊरचंच बघा, तुमच्या घरामागचं. उपवन तलावाच्या बाजूने वर जाणारा डांबरी रस्ता गावापर्यंत, पाड्यांपर्यंत जातो. त्याच्या दोन्ही अंगांना आहे ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे रस्ता सोडून चाक आत घालायचं नाही, आणि पायवाटेने आत जायचं तरी परवानगी काढावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, भारतीय वन कायदा १९२७ चा, आणि दोन्हींत परवानगीवाचून आत शिरणं हाच गुन्हा ठरू शकतो. "पण तिथे टायरच्या खुणा होत्या" हे कारण चौकीवरचा वनरक्षक रोज ऐकतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. कर्नाळ्याला अभयारण्याच्या दारात.

म्हणून सरळ सांगतो: ठाणे-नवी मुंबईत गाडी हे डोंगराच्या पायथ्याशी, त्यातल्या त्यात लांबच्या पायथ्याशी, पोचण्याचं साधन समजा. गावाला जोडणारे कच्चे रस्ते, नदीपात्राकडे उतरणाऱ्या गाडीवाटा, मालकाची परवानगी असलेली माळरानं आणि ऑफ-रोडिंग क्लबची मंडळी खासगी जमिनीवर आखतात ते ट्रॅक, एवढं तिचं क्षेत्र. ते काही कमी नाही. शहापूर, मुरबाड आणि कर्जतच्या आतल्या भागांत महिनोन्महिने पुरेल इतकं आहे.

आणि या सगळ्यात एक नियम मी कुणालाही मोडू देत नाही. जी वाट चाकांनी करायची ती आधी पायांनी करायची. सायकल असो की थार. पूर्ण वाट दरवेळी चालणं शक्य नसतं, तेव्हा निदान प्रत्येक चढ, प्रत्येक ओढा आणि पलीकडचं दिसत नाही असं प्रत्येक वळण उतरून चालत बघायचं. त्यामुळेच तुमच्या तिघांत म्होरकेपण वहिनींकडे द्या असं मी म्हणेन. डोंगराची भाषा त्यांना येते. तुम्हाला आणि मुलाला आत्ता फक्त यंत्राची येते.

ती भाषा समजायला सह्याद्री कसा बनलाय ते थोडं माहीत हवं. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. काही थर टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. टणक थराचा उभा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून त्याची सपाट माची होते, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे भाजलेल्या लाल मातीचा पट्टा दिसतो. म्हणून आपल्याकडचा चढ एकसारखा नसतो. माची, मग कडा, पुन्हा माची. पाणी वरच्या भेगाळ थरातून झिरपतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कड्याच्या पायाशी बाहेर येतं. झरे तिथे सापडतात, वाड्या आणि पाडेही बहुधा तिथेच वसतात. चाकांना माची चालते. कडा फक्त पायांचा, आणि तोही जिथे नाळ (कड्यातली अरुंद घळ) किंवा सोंड (खाली उतरत आलेली डोंगरधार) वाट देते तिथेच.

याचा नकाशाशी थेट संबंध आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या दर २० मीटरला असतात. पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपतो. मोबाइलच्या नकाशावर ठिपक्यांची वाट दिसली, उंचीचा आलेखही सौम्य दिसला, आणि प्रत्यक्षात पुढे कडा, असं होतं ते यामुळे. नाळेत तर जीपीएसचा ठिपकाही भरकटतो, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून सिग्नल उशिरा पोचतो. नकाशा डाऊनलोड करून न्या, ट्रॅक रेकॉर्ड करा, पण डोळे वाटेवर ठेवा.

आसपासच्या जागांबद्दल थोडक्यात, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

येऊरचा रस्ता पहाटे सायकलसाठी उत्तम. चढ दम काढतो पण संपतो लवकर, आणि वर पाटोणपाड्याकडे झाडी दाट आहे. हा बिबट्याचा मुलूख आहे, हे घाबरवायला सांगत नाही, पण अंधारात पोराला एकट्याला पाठवू नका. उजाडल्यावर निघा, दोघंतिघं मिळून. शनिवार-रविवारी दिवस वर आला की बंगल्या-ढाब्यांकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्त्याची मजा जाते.

मुंब्र्यापासून बेलापूरकडे पसरलेल्या पारसिकच्या डोंगराकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. १९१६ पासून रेल्वे त्याच्या पोटातून जाते आणि प्रवासी मोबाइलमधून मान वर करत नाहीत. घणसोलीच्या बाजूला गवळीदेवचा परिसर सकाळच्या दोनतीन तासांच्या चालीसाठी चांगला आहे. त्याच रांगेत तुर्भे-पावण्याच्या अंगाला जुन्या दगडखाणी आहेत, आणि ऑफ-रोडिंगच्या नव्या मंडळींना त्यांचा फार मोह पडतो. खाणीची कड वरून भक्कम दिसते, खाली पोकळ असते. तळाशी साठलेलं पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, आत उतार नसतो, एकदम खड्डा असतो. तिथे गाडी नेऊ नका आणि पोहायला तर मुळीच उतरू नका.

खारघरचं पठार सायकलवाल्यांचं लाडकं. वर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत, तिथपर्यंतचा रस्ता त्यांचा आहे हे लक्षात ठेवून वागलं की झालं. खाली पांडवकड्याचा धबधबा. पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती असलीच पाहिजे. वरचं सगळं पठार उघडं, खडकाळ. पडलेला पाऊस मुरत नाही, मिनिटांत कड्यावरून खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरून लोंढा येऊ शकतो. कुठल्याही ओढ्यात असताना पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, की बूट-बॅग बघत बसायचं नाही. ज्या काठावर पटकन चढता येईल त्या काठावर चढायचं, जिथे गाडी लावली आहे त्या काठावर नव्हे.

कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. पायी चढायला घरच्या सगळ्यांना जमेल, फक्त वरच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. तिथे आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड-डोकं झाकून झाडीतून सरळ दूर पळा. प्रबळगड आणि त्याच्या शेजारचा कलावंतीण सुळका ठाकूरवाडीतून होतात. प्रबळमाचीपर्यंतची वाट मळलेली आहे, पण कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. त्या रांगेत उतरणारा घाबरला की सगळेच अडकतात, म्हणून मी तिथे फक्त आडवारी जातो. शेजारच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. अशा ठिकाणी 'जागा बघायला' म्हणून जाऊ नये, एवढंच म्हणेन.

माहुली आसनगावहून. ८५८ मीटर, ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक. पहिल्या महिन्यात करू नका. चढ लांब आहे, आणि डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळतो हे शहरात राहून आपण विसरलेलो असतो.

चालण्याबद्दल वहिनींना मी काय शिकवणार, पण तुम्ही दोघं त्यांच्या मागे चालणार आहात म्हणून सांगतो. वेळेचा हिशोब असा धरा: सपाटीवर ताशी चार किलोमीटर, आणि चढ असेल तर दर ३०० मीटर उंचीला वेगळा एक तास. युरोपातल्या पुस्तकांत यापेक्षा कमी वेळ दिलेला असतो, पण त्या लेखकांनी आपल्या कोकणपट्टीचा दमटपणा सोसलेला नाही. माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार, सोबत ओआरएस आणि खारट काहीतरी. निघतानाच परतीची वेळ ठरवा. "दीड वाजला की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे फिरायचं" असं स्वच्छ शब्दांत.

वाट चुकण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण म्हणजे ढोरवाट. गुरांनी पाडलेली वाट सुरुवातीला माणसांच्या वाटेइतकीच रुंद आणि पक्की दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. गुरांना कमरेच्या वरच्या फांदीशी घेणं-देणं नसतं, त्यामुळे ढोरवाट खाली मोकळी आणि वर गच्च असते. तुम्ही सारखे वाकून चालायला लागलात, वाट फुटते-मिळते-पुन्हा फुटते असं चाललं, की थांबा. माणसांच्या वाटेवर डोक्याइतकी जागा मोकळी असते, कोयत्याने तासलेल्या फांद्यांचे बुंधे दिसतात, पायांनी गुळगुळीत झालेले दगड असतात, आणि दुर्दैवाने वेफर्सची पाकिटंही. शेवटच्या नक्की ओळखलेल्या जागेपर्यंत मागे जायचं. "इथूनच खाली उतरू, रस्ता दिसतोय" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला सर्वांत मागे ठेवायचं, कारण दिसणारा रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये बहुधा एक कडा असतो.

गावात विचारा, वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आधी ठरवा आणि वर घासाघीस करू नका. फक्त "किती लांब आहे" हे विचारू नका. "हे काय, पंधरा मिनिटं" हे उत्तर ठरलेलं असतं आणि ते त्याच्या पायांच्या हिशोबाने खरंही असतं. त्याऐवजी विचारा: वर पाणी आहे का, वाट या पावसानंतर कुणी चालून आलंय का, वणवा लागला होता का. ही उत्तरं सोन्याची असतात.

सापांची भीती बाळगण्यापेक्षा सवय लावा. दगडावर हात ठेवण्याआधी बघायचं, लाकडाच्या ओंडक्यावरून उडी न मारता त्यावर पाय ठेवून पलीकडे बघून उतरायचं. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ सगळ्यांना माहीत असतात. त्याखेरीज गिर्यारोहकांनी उभं केलेलं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आधीच फोनमध्ये घालून ठेवा. बचावाला येणारी मंडळी बहुतेक स्वयंसेवक असतात, आपली नोकरी सोडून रात्री दोरखंड घेऊन येतात.

आता सायकल. महाग सायकल लागत नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल, सव्वादोन इंचाच्या आसपास रुंदीचे टायर आणि चालू स्थितीतले डिस्क ब्रेक पुरे. बहुतेक मुलं टायर दगडासारखे फुगवून येतात आणि मग घसाऱ्यावर पुढचं चाक निसटतं. तुमच्या मुलाच्या वजनाला कच्च्या वाटेवर २५ ते ३० पीएसआय हवा ठीक, ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. बाभूळ आणि करवंदीचे काटे लक्षात घेता ट्यूबलेस करून घ्या, मात्र आपल्या उष्णतेत आतला भोकं बुजवणारा सीलंट लवकर सुकतो, दोनतीन महिन्यांनी बघत जा.

उताराला लागण्याआधी सीट चार बोटं खाली घ्यायची, पेडल आडवी ठेवून त्यांवर उभं राहायचं, ढुंगण मागे. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. आणि नजर जिथे जायचंय तिथे, ज्या दगडाची भीती वाटते त्यावर नाही, कारण सायकल नजरेमागे जाते. सुटी खडी आली तर पुढचा ब्रेक हलकाच धरायचा. पण ओल्या कातळावर शेवाळ दिसलं तर सरळ उतरायचं आणि सायकल हातात धरायची. उतरून चालण्यात कमीपणा वाटणारी मुलंच मनगट मोडून घेतात. वाट अरुंद असेल आणि समोरून मोळी घेतलेली बाई किंवा गुरं आली तर तुम्ही थांबायचं, घंटी वाजवायची नाही. म्हैस घंटीने बाजूला होत नाही, बिथरते.

सायकल थारच्या मागे लावणार असाल तर एक बारीक गोष्ट. मागच्या दारावर स्टेपनी आहे, तिच्यावर बसणारा रॅक घ्या, आणि नंबर प्लेट व दिवे झाकले जाणार नाहीत हे बघा. मुलुंड टोल नाक्याच्या आधीच कुणीतरी अडवेल.

गाडीवर जरा जास्त बोलतो, कारण पायी पडलात तर गुडघा फुटतो, गाडी पडली तर आतले सगळेच.

पहिली गोष्ट, फोर-बाय-फोर डांबरी रस्त्यावर लावायची नाही. थारमध्ये पुढचा आणि मागचा अक्ष फोर हायमध्ये एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणात पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, कच्च्या रस्त्यावर चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात, डांबरावर तो ताण सगळा गिअर आणि शाफ्टवर येतो. चिखल, वाळू, सुटी खडी लागली की फोर हाय. खडा चढ, खडा उतार, मोठे दगड आले की गाडी थांबवून फोर लो. मित्राची गाडी बरोबर घेणार असाल तर तिच्या कागदांवर नजर टाका. फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही २०२३ पासून मिळते आणि दिसायला ती तुमच्यासारखीच असते.

कच्चा रस्ता सुरू झाला की टायरमधली हवा कमी करा. २० ते २२ पीएसआयवर टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते आणि पाठीचे मणकेही वाचतात. पुन्हा डांबरावर येताच हवा भरायची, त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा कंप्रेसर आधी घ्या. मोठे दिवे, उंच सस्पेन्शन, जाडजूड टायर हे सगळं नंतर, शक्यतो कधीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, आणि खरं सांगायचं तर या भागातल्या वाटांना मूळ गाडी पुरते.

चढ चालून बघितला, रेषा ठरवली, की एकाच गिअरमध्ये, एकसारख्या गतीने, उताराच्या सरळ रेषेत चढायचं. तिरकं नाही. मध्येच गाडी अडली तर नव्या माणसाचा हात स्टिअरिंग वळवायला जातो, आणि तिथेच गाडी आडवी होऊन लोळते. करायचं एवढंच: ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, आल्या रेषेत सरळ मागे उतरा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घरंगळू द्यायचं नाही. खाली उतरताना फोर लो, पहिला गिअर, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. मागचा भाग बाजूला सरकायला लागला तर ब्रेक न मारता हलकासा अॅक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. हे वाचून पटत नाही. मोकळ्या माळावर, छोट्या उतारावर, शिकवणारा शेजारी बसवून करून बघा, मगच पटेल.

पाणी. कंपनी थारची क्षमता ६५० मिलिमीटर सांगते. तो आकडा शांत, साठलेल्या पाण्याचा समजा. वाहत्या पाण्याचं गणित वेगळं असतं, फूटभर जोरदार प्रवाहही गाडी उचलून सरकवू शकतो. काठी घेऊन आधी चालत जा. तुम्हाला उभं राहायला त्रास होत असेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी घालायची नाही. आत बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

एकटी गाडी घेऊन कधीच जाऊ नका, दोन हव्यात. अडकलेली गाडी ओढताना होणारे अपघात भयंकर असतात. ताणलेला पट्टा सुटला की त्याच्या टोकाचं लोखंड गोळीसारखं येतं. म्हणून टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीच अडकवू नका, भार लिहिलेले शॅकल (पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या) आणि गाडी ओढण्यासाठीच दिलेले खरे रिकव्हरी पॉइंटच वापरा, पट्ट्याच्या मधोमध ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाका, आणि बाकी सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर उभं करा. त्याआधी फावडं. दहापैकी आठ वेळा चाकापुढची माती उकरून, हवा आणखी कमी करून, खाली दगड घालून गाडी निघते, पण तेवढा धीर कुणाला नसतो. रस्ता दाखवणारा माणूस एकच असावा. पाच जण पाच दिशांना हात करत असले की गाडी सहाव्या दिशेला जाते.

भाताची लावणी झालेल्या दिवसांत बांधावर चाक चढवू नका. ओल्या पठारावर उमटलेली चाकाची खूण पुढच्या पावसात ओहोळ होते आणि त्या वर्षी तिथलं गवत जातं. ते गवत कुणाच्या तरी गुरांचं असतं.

तिघांना एकत्र काय करता येईल, याला माझं उत्तर नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासूनची व्यापारी वाट, माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. ओझ्याच्या जनावरांसाठी आखलेली असल्याने चढ बेताचा आहे, पहिल्या मोठ्या ट्रेकसाठी योग्य. डिसेंबरातला एखादा शनिवार धरा. थारमध्ये सगळे मावणार नाहीत, म्हणून दोन गाड्यांनी ठाण्याहून पहाटे चारला निघून कल्याण-मुरबाडमार्गे वैशाखरे. वहिनी आणि त्यांच्याबरोबर किमान दोघंतिघं जण तिथे उजाडता उजाडता उतरतील आणि अडीच-तीन तासांत माथ्यावर असतील. तुम्ही आणि मुलगा, दुसरी गाडीही बरोबर घेऊन, माळशेज घाट चढून जुन्नरला जा. तिथे सायकल उतरवा. जुन्नर ते नाणेघाट, चावंड आणि घाटघर करत, तीसेक किलोमीटरचा चढउताराचा गावरस्ता आहे, डांबरी पण शांत. मुलगा पुढे, तुम्ही अंतर ठेवून मागे. थारला त्या दिवशी फोर-बाय-फोरची गरज पडणार नाही, आणि पहिल्याच सहलीला ते बरंच आहे. वहिनींची मंडळी तुमच्याआधी तासभर पोचलेली असेल, त्यांना लेणं निवांत बघता येईल. जेवण घाटघरमध्ये कुणाकडे तरी आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, पिठलं-भाकरी मिळते. परतताना सगळे दोन्ही गाड्यांतून या. माथ्यावरून दोनला निघालात तर अंधार पडायच्या आत माळशेज उतरून व्हाल, मुरबाडच्या पुढे मात्र गर्दी लागणारच.